भारिटांचा दावा

माझ्या मेहुण्यांनी भारीट पाहिले होते आणि मला ते पटलं नव्हतं. मुळात भांडण एवढंच.

भारीट हा पक्षी आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे ज्या ज्या माणसासमोर मी हा शब्द उच्चारला त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या फरारी इसमाचा पत्ता विचारतोय. चिमणीपेक्षा जरासा मोठा, पोट पिवळंधमक, आणि नराचं डोकं काळंभोर, टोपी घालूनच जन्माला आल्यासारखं. थंडीला तोंड फुटलं की दूरदेशाहून थव्याथव्याने येतो, किनाऱ्याजवळच्या शेतांतले दाणे खातो आणि ऊन तापायला लागलं की निघून जातो. ही सगळी माहिती मेहुण्यांनी आमच्या घरी जेवताना, एका हातात घास धरून, मला पुरवली.

"दीपस्तंभाच्या मागे मिठागरं आहेत ना, त्यांच्या पलीकडे ज्वारीचं शेत आहे. तिथे," मेहुणे म्हणाले. "हजारो होते, भाऊजी. अख्खं शेत पिवळं झालं होतं."

आता, मेहुणे पाण्याचे पंप विकतात आणि मी विमा कंपनीत आहे, दावे विभागात. माझ्या टेबलासमोर बसणारा प्रत्येक माणूस आपलं काहीतरी जळालं, बुडालं किंवा चोरीला गेलं असं सांगत येतो. ते खरोखरच जळालं, बुडालं किंवा चोरीला गेलं का, हे पाहण्याचा मला पगार मिळतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस कचेरी सुटली म्हणून संशय टेबलाच्या खणात ठेवून येऊ शकत नाही. दूधवाला 'दूध ताजं आहे' म्हणाला तरी माझ्या तोंडून 'कशावरून' निघून जातं.

"हजारो म्हणजे मोजलेत का?" मी विचारलं.

"मोजायचे कसे? उडत होते ना."

"अंतर किती होतं? सूर्य कोणत्या बाजूला होता? सोबत कोण होतं?"

"मी एकटाच होतो."

"फोटो?"

"फोन गाडीत राहिला होता."

फोन गाडीत राहिला होता. हे वाक्य मी टेबलापलीकडून इतक्या वेळा ऐकलंय की ते कानावर पडताच माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पेन नव्हतं, म्हणून मी चमचा उचलला. बायकोने भाजीचं भांडं खाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

"दादा खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुम्हांला?"

"खोटं नाही गं," मी म्हणालो. "पुरावा अपुरा आहे."

हे वाक्य मी कचेरीत रोज लिहितो. ते लिहिल्यामुळे कोणी अर्ध्या जेवणावरून उठून गेल्याचं मला आठवत नाही. मेहुणे मात्र उठले, हात धुतले आणि 'बरंय' एवढंच बोलून गेले. त्यानंतर घरातलं संभाषण एकेका शब्दावर आलं. बायको 'पंखा' म्हणायची, मी बंद करायचो. 'दूध' म्हणायची, मी आणायचो. संसार चालू होता, पण व्याकरणाशिवाय.

असल्या पेचातून बाहेर पडायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करायची. भारीट कुठे येतात आणि कधी येतात याची छाननी करायची, दावा खरा निघाला तर मोठ्या मनाने मंजूर करायचा आणि खोटा निघाला तर... तर काय करायचं ते नंतर पाहू, असं ठरवलं. खरं सांगायचं तर खोटाच निघेल याची मला खात्री होती.

पाहणीला दुर्बीण हवी. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कप्तानांकडे होती. आयुष्यभर जहाजावर काढून ते आता निवृत्त झालेत आणि इमारतीच्या गच्चीला 'डेक' म्हणतात. मी दुर्बीण मागितली तेव्हा त्यांनी दार आतून लावून घेतलं.

"काय पाहायचंय?"

"पक्षी."

"पक्षी," ते म्हणाले. मग दुर्बीण माझ्या हातात देताना कानाशी आले. "कितव्या मजल्यावर राहते?"

मी ताठ मानेने खाली आलो. दुर्बीण नीट चालते का हे पाहावं म्हणून बाल्कनीत उभा राहिलो आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर ती रोखली. टाकी स्पष्ट दिसली. टाकीवरून नजर हळूहळू खाली आणली तर एक बाई कपडे वाळत घालताना स्पष्ट दिसल्या. त्यांनाही मी स्पष्ट दिसलो असणार, कारण त्यांनी पडदा ओढला. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. तक्रार वगैरे काही नाही, फक्त चौकशी, असं ते तीनतीनदा म्हणाले, आणि ज्या नजरेने म्हणाले ती नजर माझ्या ओळखीची होती. ती माझीच कचेरीतली नजर होती. समोरून ती कशी दिसते हे मला प्रथमच कळलं. फार वाईट दिसते.

आपण पक्षी पाहायला जाणार ही बातमी एकदा इमारतीत फुटली की सल्ल्यांना तोटा राहत नाही. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, भारीट मिठागरांकडे कशाला, बंदरावर धान्याच्या गोदामापाशी जा, तिथे सांडलेले दाणे असतात. प्रोफेसरीणबाई म्हणाल्या, आत्ता गेलात तर फुकट, अजून महिनाभर थांबा. कप्तान म्हणाले, पहाटे जा. सेक्रेटरी म्हणाले, दुपारी जा, चांगल्या घरची माणसं पहाटे दुर्बीण घेऊन हिंडत नाहीत. मी प्रत्येकाला विचारलं, "तुम्ही भारीट पाहिलाय का?" कोणीच पाहिला नव्हता. पण कुठे आणि कधी असतो हे सगळ्यांना माहीत होतं.

मिठागरांकडे जाणारा रस्ता दीपस्तंभाच्या फाटकातून जातो. फाटकावरच्या रखवालदाराने मला बंदराच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या कारकुनाने परवानगीचा छापील अर्ज पुढे ओढला आणि मान वर न करता विचारलं, "कोणाला भेटायचंय?"

"भेटायचं नाही, पाहायचंय. भारीट."

"पूर्ण नाव?"

"काळ्या डोक्याचा भारीट," मी म्हणालो. उत्तर पूर्ण द्यावं एवढाच माझा हेतू होता. त्याने अर्जावर लिहिलं, 'का. डो. भारीट'.

"राहणार?"

"परदेशी. थंडीपुरते इकडे येतात."

पेन थांबलं. "किती जण?"

"हजारो, असं माझ्या मेहुण्यांचं म्हणणं आहे."

कारकून उठून आत गेला आणि साहेबाला घेऊन बाहेर आला. साहेबाने मला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. हजारो परदेशी माणसं किनाऱ्यावर उतरणार आहेत याची आगाऊ कल्पना मला कशी, असं त्याने अतिशय सौम्य आवाजात विचारलं. मी भारीट म्हणजे पक्षी असल्याचं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. उलट त्याचा चेहरा जास्तच गंभीर झाला.

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मी स्वतः हा प्रश्न शेकडो लोकांना विचारलेला आहे, त्यामुळे मला ते ठाऊक आहे. शेवटी परवानगी मिळाली. एका इसमाला, फक्त सकाळची, दुर्बिणीसह, मात्र दुर्बीण समुद्राच्या दिशेने रोखता येणार नाही.

समुद्राकडे पाठ करून मिठागरांतून चालणं वाटतं तितकं सोपं नाही. बांध अरुंद असतात, आणि मी एका वळणावर सरळ गेलो. गुडघ्यापर्यंतच्या खाऱ्या पाण्यातून बाहेर आलो तेव्हा बूट बोलायला लागले होते आणि पँट वाळेल तसतशी पांढरी होऊन ताठ उभी राहत होती. अशा अवस्थेत मला विजेच्या तारेवर बसलेला एक थवा दिसला. दुर्बीण लावली. तपकिरी, मळकट, चिमणीसारखे पक्षी. काहींच्या पोटावर जरा पिवळसर झाक होती, पण डोकं काळं म्हणावं असा एकही नव्हता. डोकं काळं नाही, सबब नामंजूर. मनात समाधानाची एक ऊब पसरली.

पलीकडे शेत होतं, शेताच्या कडेला घर, आणि घरासमोर बाकावर शेतमालक बसले होते. भरघोस मिशा, पायाशी एक पंप उघडून ठेवलेला. माझ्या पँटकडे पाहून त्यांनी काही न विचारता मला जागा करून दिली. आतून त्यांच्या सुनेने विचारलं, "चहा ठेवू ना, मामा?" आणि ते "दोन कप" म्हणाले. माणूस भला वाटला. आम्ही खाऱ्या वाऱ्याबद्दल बोललो, पंप किती लवकर गंजतात त्याबद्दल बोललो. सून चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याबाहेर आली.

"आणि आपण काय करता?" शेतमालकांनी विचारलं.

"विमा कंपनीत असतो. दावे विभागात."

सुनेने ट्रेसह जागच्या जागी वळण घेतलं आणि ती आत गेली. वाफाळता माझा कप मला पाठमोरा जाताना दिसला.

"इकडे काय काम काढलंत?" शेतमालकांचा आवाज बदलला होता.

"भारीट पाहायला आलो. तुमच्या शेतात पुष्कळ येतात म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"असंच ऐकलं."

"चुकीचं ऐकलंत. इथे पाखरं येत नाहीत."

"भारीट येत नाहीत?"

"कुठलंच पाखरू येत नाही. पहिल्यापासून नाही. इथली हवा त्यांना मानवत नाही."

नेमका त्याच वेळी एक कावळा येऊन छपरावर बसला आणि ओरडला. आम्ही दोघांनी वर पाहिलं.

"हा?" मी विचारलं.

"हा वाट चुकला असेल."

तेवढ्यात घरातून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "सूनबाई, पाखरं हाकलायचा डबा कुठे गं ठेवलास?" शेतमालकांना खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "आईला हल्ली काहीबाही आठवतं," आणि मला मिठागरांपर्यंत पोचवायला उठले. वाटेत ते सतत माझ्या आणि शेताच्या मधून चालत होते. मी मान डावीकडे वळवली की त्यांची मिशी आडवी यायची.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. माणूस थोडंसं नाकारत असेल तर ते खरं असण्याची शक्यता असते. जो डोळ्यांसमोरचा कावळासुद्धा नाकारतो त्याच्यापाशी काहीतरी मोठं आहे. हा माणूस पक्षी पकडून विकतो, असा मी घरी पोचेपर्यंत निष्कर्ष काढला होता.

बायकोने दार उघडलं आणि पँटकडे पाहून, बऱ्याच दिवसांनी, पूर्ण वाक्य उच्चारलं. "ही धुवायची की फोडायची?" मग तिने विचारलं, "दिसले?"

"नाही. शेतमालक म्हणतात तिथे पाखरंच येत नाहीत. तारेवर काही बसली होती, पण ती तपकिरी होती. डोकी काळी नव्हती."

तिने टेबलावरचं पक्ष्यांचं पुस्तक उचललं. ते मीच वाचनालयातून आणलं होतं, पण चित्र पाहून मिटून ठेवलं होतं. चित्राखालचा मजकूर तिने वाचून दाखवला. थंडीत नराच्या डोक्यावरचा काळा रंग पिसांच्या फिकट कडांखाली झाकलेला असतो, ऊन वाढेल तशा या कडा झिजतात आणि डोकं काळं दिसू लागतं. मादी तपकिरी, चिमणीसारखी.

"हे फार बारीक अक्षरांत छापलंय," मी म्हणालो.

"लोकांचे कागद परत करताना तुम्ही त्यांना काय सांगता? बारीक अक्षर कोणी वाचायचं असतं?"

तिने पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मी येणार."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तसं नाही," ती म्हणाली. "पुरावा अपुरा आहे."

परवानगी एकाच इसमाची होती, म्हणून पुन्हा बंदराची कचेरी आली. कारकुनाने जुना अर्ज काढला आणि नव्या अर्जदार बाईंचा का. डो. भारीट यांच्याशी संबंध काय असं विचारलं. आता मीही शहाणा झालो होतो. म्हणालो, "भावाच्या बाजूने." त्याने तसं लिहून शिक्का मारला.

या वेळी आम्ही घराच्या बाजूने न जाता मागच्या बांधाने गेलो. बायको पुढे, मी मागे. बांधाच्या वळणावर तिने माझा हात धरून मला वळवलं आणि तशीच खाली बसली. मीही बसलो.

शेताचा समुद्राकडचा अर्धा भाग आडवा पडला होता. सगळी धाटं एकाच दिशेला, भांग पाडल्यासारखी निजली होती. त्या निजलेल्या ज्वारीवर, मातीत सांडलेल्या दाण्यांवर, भारीट उतरले होते. एक पिवळी लाट उठायची, चार हात पुढे जाऊन पुन्हा खाली बसायची. उन्हात ती पोटं अशी उजळत होती की मला दुर्बीण लावायचं भानच राहिलं नाही.  बायकोचा हात माझ्या मनगटावरच होता.

"हजारो नसतील," मी हळूच म्हणालो. "शेकडो असतील."

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"हजारो," मी म्हणालो.

तेवढ्यात शेतमालक घराच्या बाजूने आले. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात काठी. डब्यावर काठी मारणार इतक्यात त्यांची नजर आमच्यावर गेली. डबा झटकन पाठीमागे गेला. मग डबा-काठी टाकून, कुंपणावरची चादर ओढून त्यांनी दोन्ही हातांनी आमच्या आणि शेताच्या मध्ये पसरून धरली.

"काय करताय?" मी विचारलं.

"चादर वाळत घालतोय."

"हातांनी?"

"दोरी तुटलीय."

चादरीच्या वरून, खालून, दोन्ही बाजूंनी भारीट दिसत होते. बायको उठली, बांधावरून उतरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, पाखरं का लपवताय?"

चादर हळूहळू खाली आली. "ताई, तुमचे यजमान विमावाले," शेतमालक म्हणाले. "वादळाने शेत पाडलं. इथे विम्याची कचेरी एकच, आमचा दावा तिथेच पडलाय. वादळाची भरपाई मिळते, पाखरांची मिळत नाही. यांनी इथे पाखरं पाहिली की हे पाखरांनी खाल्लं असं लिहिणार आणि कागद परत येणार. पलीकडच्या शेतवाल्याच्या कागदावर तुमच्या लोकांनी उंदीर लिहिले. पुढची पेरणी सगळी यावर आहे आमची."

"मी तसा नाही," असं मी म्हणणार होतो. पण बायको माझ्याकडे पाहत होती, म्हणून म्हणालो नाही.

घरी येऊन मी पहिलं काम कोणतं केलं असेल तर मेहुण्यांना फोन. चूक कबूल करायची तर साक्षीदारासमोर करावी, म्हणून बायकोला शेजारी बसवून स्पीकर लावला. "दादा, मी स्वतः जाऊन भारीट पाहिले. तुमचं खरं होतं. मी दिलगीर आहे."

 मेहुणे म्हणाले, "कोणते भारीट?"

"तुम्ही सांगितलेत ते. हजारो."

"छे, भाऊजी. चिमण्या असतील त्या. मी लांबून पाहिलं होतं. सूर्य डोळ्यांवर होता."

शेतमालक मेहुण्यांचं जुनं गिऱ्हाईक होते, हे मागाहून कळलं. त्यांच्या पायाशी होता तो पंप मेहुण्यांनीच विकलेला. आमच्याआधी त्यांचा फोन मेहुण्यांकडे पोचला होता, विमावाल्यांसमोर पाखरांचं नाव काढू नका म्हणून. खाऱ्या पाण्यात पडून, बंदराच्या साहेबासमोर बसून, जो दावा मी अखेर मंजूर करायला निघालो होतो, तो अर्जदारानेच मागे घेतला होता. मी बायकोकडे पाहिलं.

"दादाचा काहीतरी नाइलाज असेल," ती म्हणाली.

दावा खरोखरच आमच्या कचेरीत होता. मी मॅनेजरसाहेबांना सांगून टाकलं की हे शेत मी पाहिलंय, खासगी कारणासाठी. साहेब संशय घेण्यात माझ्याही वरचे आहेत, म्हणूनच ते मॅनेजर आहेत. "खासगी म्हणजे?" त्यांनी विचारलं. "पक्षी पाहायला," मी म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मी येतो पाहणीला. तुम्हीही चला."

शेतावर शेतमालक नवे कपडे घालून उभे होते. शेजारी मेहुणे, वादळाचे साक्षीदार म्हणून. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. साहेबांनी पडलेल्या ज्वारीकडे पाहिलं आणि विचारलं, "ते पिवळं काय आहे?"

"फुलं," शेतमालक म्हणाले.

फुलं उडाली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

"वारा फार असतो इथे," मेहुणे म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हांला यातलं कळतं ना? काय आहे ते?"

साहेब आणि मेहुणे माझ्याकडे पाहत होते. शेतमालकांनी नजर मातीत खुपसली होती. आयुष्यात प्रथमच मला वाटलं की फुलं म्हणावं. पण सरळ उत्तर द्यायची सवय अंगात मुरलेली.

"भारीट," मी म्हणालो. "दाणे खाणारा पक्षी."

शेतमालकांनी डोळे मिटले.

"पण साहेब, ते कुठे खातात ते पाहा," मी पुढे म्हणालो. "सगळे जमिनीवर आहेत, पडलेल्या भागात. उभ्या पिकाची कणसं हातात घेऊन बघा, भरलेली आहेत. पाखरांनी शेत उजाड केलं असतं तर आधी तीच रिकामी झाली असती. धाटं सगळी समुद्राकडून जमिनीकडे मोडलीत. मुठीत मावणारा पक्षी धाट मोडत नाही, आणि मोडलंच तर एका दिशेला मोडत नाही. वाऱ्याने आधी शेत पाडलं, दाणे सांडले, म्हणून पाखरं उतरली. ती इथे आहेत हाच वादळाचा पुरावा आहे."

साहेब शेतात उतरले. उभं कणीस हातात घेऊन दाबून पाहिलं. वाकून मोडलेली धाटं पाहिली. त्यांना पटत होतं, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं. शेतमालकांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. विमावाला आपल्या बाजूने बोलतोय म्हणजे यात काय डाव असेल, हे ते शोधत होते.

आणि मेहुण्यांना राहवलं नाही. ते धावत आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "भाऊजी, जिंकलंत."

साहेब वाकले होते ते तसेच सरळ झाले. "भाऊजी?"

त्यानंतर मी जे जे बोललो होतो ते ते रद्द झालं. दुसऱ्या शाखेतून दुसरा तपासनीस बोलावला गेला. त्याचा इथे कोणीच नातेवाईक नव्हता आणि त्याला चिखल आवडत नव्हता. भर दुपारी येऊन त्याने बांधावरूनच शेत पाहिलं, त्याला एकही पक्षी दिसला नाही, आणि वादळाने नुकसान झाल्याचं लिहून त्याने दावा मंजूर केला. माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. मी भारीट कुठे आणि कधी येतात इथपासून सगळं चार पानी लिहून दिलं. मुख्य कचेरीचं उत्तर एका ओळीत आलं. 'पक्षी पाहणे हे कारण पटण्याजोगे वाटत नाही.' चौकशी पूर्ण होईपर्यंत माझी बदली लेखनसामग्री विभागात झाली. तिथे मी पेन्सिली वाटतो. लोक पेन्सिल मागायला येतात तेव्हा पहिली संपली कशावरून, हे मी अजूनही विचारतो.

इमारतीत बातमी पोचली ती अशी, की दुर्बिणीच्या प्रकरणात माझी बदली झाली. कप्तानांनी जिन्यात माझ्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला. फार दुखलं ते.

ऊन तापू लागलं तेव्हा बायको एके दिवशी म्हणाली, "ते परत जायच्या आत एकदा जाऊन येऊ." आम्ही गेलो, या वेळी सरळ घराच्या बाजूने. शेतमालक बाकावर होते. आम्हांला पाहून ते उभे राहिले, पण बसा म्हणाले नाहीत.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पाखरं पाहायला आलो."

"दावा तर मिटला."

"मिटला."

"आमचं पेरणीचंही ठरलं सगळं. कागद पूर्ण झाले."

"चांगलं झालं."

"मग खरं सांगा, कशासाठी आलात?"

"काका," बायको म्हणाली, "ती फार सुंदर आहेत हो."

त्यांनी शेताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, त्यात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा काही पत्ता लागतो का ते शोधल्यासारखं. पत्ता लागला नसावा. त्यांनी सुनेला हाक मारून चहा सांगितला, घरातून दोन खुर्च्या आणून बांधाजवळ ठेवल्या, आणि स्वतःसाठी एक पालथी बादली. चहा या वेळी आमच्यापर्यंत पोचला.

आम्ही बसलो. भारीट कुंपणावर ओळीने बसले होते, जायच्या तयारीत, मधूनच एखादा उडून पुन्हा बसत होता. शेतमालकांनी बादली फिरवून घेतली आणि पाखरांकडे पाठ करून ते आमच्यासमोर बसले. आम्ही उठेपर्यंत त्यांनी आमच्यावरची नजर हलवली नाही.